हलगी वाजली की घोडी आपोआप नाचते, तोंडात लगाम नसला तरी. तिला हे आवडतं असं म्हणायचं का?

मळ्यातली_सून (दौंड)

नमस्कार मंडळी. घोडीचा प्रश्न आहे आणि त्यावरून घरात सध्या बरीच धुसफूस चालू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या चुलतसासऱ्यांचा लग्नातल्या घोड्यांचा धंदा होता. गुडघे गेले तशी त्यांनी जनावरं विकली, एक मारवाडी घोडी तेवढी ठेवली. बिजली. रंगाने कुमेद, कपाळावर चांद, वय नऊच्या आसपास. ती आता आमच्या मळ्यात असते आणि तिचं सगळं मी बघते, कारण घरात घोड्याची आवड मलाच. माहेरी तट्टू होतं, त्यावरच बसायला शिकले.

सामानाच्या पेटीत तिचा जुना लगाम सापडला. तोंडात जाणाऱ्या कडीच्या दोन्ही टोकांना लोखंडी चकत्या, आणि त्यांच्या आतल्या बाजूला काटे, बरोबर गालावर रुततील असे. लगाम खेचला की काटे आत. बिजलीच्या ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत कातडी पांढरी पडलीय, आणि खालच्या जबड्यात पुढचे दात संपून दाढा सुरू व्हायच्या आधी जी मोकळी जागा असते तिथे डावीकडे हाडाचा उंचवटा हाताला लागतो. तो लगाम मी परत पेटीत टाकला आणि पेटीला कुलूप लावलं.

तेव्हापासून तिच्यावर बिटलेसनेच बसते, म्हणजे तोंडात बिट (लोखंडी कडी) नसलेला लगाम. नाकावरून चामड्याचा पट्टा, दोन्ही बाजूंना कड्या, त्यांना दोऱ्या. बस. पहिल्या दिवशी वाटलं होतं आता ही उधळणार. काही नाही. उसाच्या बांधावरून कॅनॉलपर्यंत चालीवर जाते, थोडं अंग मागे नेलं की थांबते. डोकं झटकायची सवय होती ती गेली. इथवर सगळं छान.

आता खरी गोष्ट. शेजारच्या वस्तीवर हलगी वाजली की बिजली नाचायला लागते. मी पाठीवर नसते, दोरी नसते, तिच्या पायांत घुंगरू नसतात. आपल्या जागेवर उभी राहते, मान कमानीसारखी आत घेते आणि पुढचे पाय एकेक करून उचलायला लागते, हलगीच्या ठेक्यावर. दिसायला इतकं देखणं की वस्तीवरची पोरं हातातलं काम टाकून बघायला येतात. चुलतसासरे म्हणतात, "बघ, तिच्या रक्तातच आहे. तिला नाद आहे नाचायचा. तूच उगाच तिला विधवेसारखी ठेवलीस." त्यांचं म्हणणं असं की येत्या लग्नसराईत दोन-चार परण्यांच्या (नवरदेवाच्या वरातीच्या) सुपाऱ्या घ्याव्यात. वाटलं तर तुझ्या त्या बिटलेसवरच नाचव म्हणतात, म्हणजे तुझ्या जिवाला बोच नको.

आणि मला इथेच अडतं. लोखंड काढलं, काटे गेले, मग आता हरकत कसली? ती स्वतःहून नाचतेय ना? पण नाचताना मी तिच्या तोंडाकडे बघते तेव्हा हनुवटी दगडासारखी घट्ट असते. हलगी थांबल्यावर मांड्यांच्या मधे घाम असतो, अगदी थंडीतही. हा नाद आहे की धाक, हे ओळखायचं कसं? आणि धाक असेल तर नुसता लगाम बदलून मी नेमकं काय केलं?

ज्यांनी घोडी शिकवलीत त्यांनी कृपया लिहावं. "घोडेच पाळू नका" हे उत्तर नको, ती आहे आणि रोज सकाळी चंदी (दाणा) मागते.

---

अण्णा_पागेवाले

सूनबाई, मी आयुष्यभर हेच केलं. सारंगखेड्याची दत्तजयंतीची जत्रा आणि माळेगावची खंडोबाची, दोन्हीकडे माझे घोडे नाचलेत, बक्षिसंही घेतलीत. तेव्हा बाहेरून बघणाऱ्याचं बोलत नाही.

नाच कसा बसवतात ते सांगतो, कारण शहरातल्या लोकांना वाटतं घोडं गाणं ऐकून नाचतं. शिंगरू दोन-अडीच वर्षांचं झालं की दोन खांबांच्या मधे उभं करायचं. मोरखीला, म्हणजे नाकावरून-डोक्यावरून बांधलेल्या दोरीला, दोन्हीकडून दोर, खांबाला आवळलेले, म्हणजे पुढे जाता येत नाही, मागे येता येत नाही. मग समोर हलगी. एक माणूस काठी घेऊन पायाशी. हलगीच्या ठेक्याला पायावर काठी टेकवायची, पाय उचलला की काठी बाजूला. नीट शिकवणारा माणूस नुसती टेकवतो. घाई असलेला मारतो. जत्रा तोंडावर आली की घाई सगळ्यांनाच असते. असं महिनोनमहिने चाललं की मग काठी दिसायचीही गरज राहत नाही. हलगी म्हणजेच काठी.

म्हणून तुझी बिजली मोकळी असताना नाचते याचं मला जराही नवल वाटलं नाही. तिच्या डोक्यात हलगी आणि पायावरची काठी एकच झालीत. तिला नाद आहे की धाक, हे आता तिलाही वेगळं काढता येणार नाही.

दुसरं. तुझे चुलतसासरे म्हणतात बिटलेसवर नाचव, तर ते होतं. सगळा खेळ पुढून रोखायचं आणि मागून टाच द्यायची यावर आहे. पुढची वाट बंद, मागून रेटा, मग जोर जाणार कुठे? वर. पाय वर येतात. पुढून रोखायला तोंडातलं लोखंडच लागतं असं नाही, नाकावरची दोरीही चालते. खांबांच्या मधे आम्ही मोरखीवरच तर शिकवायचो. तेव्हा लोखंड काढल्याने घोडीचं तोंड वाचलं, हे चांगलं केलंस. नाच मात्र होता तसाच राहिला.

तिसरं, आणि हे कडक सांगतो. परण्यात बिटलेस घेऊन जाऊ नकोस. तुझ्या बांधावर ती ऐकते, कारण तिथे तिला काही नको असतं. परण्यात पुढे डीजे, पायात फटाक्यांची माळ, नवरदेवाच्या मांडीवर धाकटा भाऊ, आणि दहा पोरं घोडीच्या पोटाखालून जातायत. तिथे ती बिथरली तर नाकावरच्या पट्ट्याने थांबणार नाही. लगामानेही थांबेल याची खात्री नाही, पण मालकाला वाटतं थांबेल. काटेरी कडी आली ती याच धास्तीतून. गर्दीत घोडं न्यायचं म्हणून तोंडात काटे घालायचे. मग गर्दीतच नेऊ नये हे कोणी म्हणत नाही, कारण पैसे गर्दीत आहेत.

चौथं तुला आवडणार नाही. लग्नसराईतली कमाई वर्षभराची चंदी घालते. नाच बंद केला की घोडी नुसती खाते. आज तुझ्या घरात उसाचं वाढं आहे, लसूणघास आहे, चालून जातंय. ज्याची घोडी हेच पोट आहे त्याला काय सांगशील?

---

दस्तुरी_नाका

माथेरानला घोडे आहेत आमचे. इथे वर गाडी येत नाही, त्यामुळे घोडा हेच वाहन होतं पिढ्यान्‌पिढ्या. आता ई-रिक्षा आल्यात, तो विषय वेगळा.

नाचाचं मला कळत नाही. लगामाचं एक सांगतो. वाईट लगाम नसतो, वाईट हात असतो असं सगळे म्हणतात. बरोबर आहे, पण मग त्या हाताचं काय करायचं ते बोला ना. माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा घोड्यावर बसलेलं असतं. तोल गेला की ते काय धरतं? लगाम. म्हणजे माणूस पडू नये म्हणून घोड्याच्या जिभेला लोंबकळतो. म्हणून मी नवख्याच्या हातात लगामाचा गोफ देतच नाही. त्याने खोगिराची मूठ धरायची, मोरखीची दोरी माझ्या हातात, आणि मी पुढे चालत. लोक फोटोसाठी लगाम मागतात. मोरखीलाच एक खोटी दोरी बांधून ठेवलीय, ती देतो. फोटोत काय कळतंय.

तेव्हा ताई, बिटलेस हे शहाण्या स्वारासाठी बक्षीस नाही, कच्च्या स्वारासाठी ते आधी पाहिजे. आपल्याकडे उलटं आहे.

---

उट्रेख्त_कर (नेदरलँड्स)

अण्णांनी खांबांचं लिहिलं आणि मी खुर्चीत सरसावून बसलो. मी इथे सुट्टीच्या दिवशी एका तबेल्यात काम करतो. युरोपात जिला सर्वोच्च अश्वकला म्हणतात तिचं मूळही त्याच दोन खांबांत आहे. फ्रान्सचा राजा तेराव्या लुईला घोडेस्वारी शिकवणाऱ्या प्लुविनेलने ही पद्धत नावारूपाला आणली. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलचा पहिला लेखी उल्लेख सोळाव्या शतकातला आहे, आणि तिथे आजही खांब आहेत. जागच्या जागी पाय उचलत राहण्याला ते पियाफ म्हणतात. बिजली करते ते त्याच्या अगदी जवळचं. फरक इतकाच की तिथे झुंबरं आणि तिकीट आहे, आणि घोडा साधारण चार वर्षांचा होईपर्यंत त्याचं खरं शिक्षण सुरू होत नाही. सारंगखेडा ते रांगडं आणि व्हिएन्ना ती कला, असं मानायला माझी तयारी नाही. प्रश्न दोन्हीकडे तेच विचारले पाहिजेत.

घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे एफईआयच्या, ड्रेसाज स्पर्धेत (घोड्याच्या चाली आणि पवित्रे दाखवायच्या) तोंडात बिट असणं सक्तीचं आहे. अडथळ्यांच्या उड्या मारायच्या प्रकारात बिटलेस चालतं. म्हणजे भरधाव घोडा दीड मीटरच्या अडथळ्यावरून बिनालोखंडाचा नेता येतो, पण गोल चक्कर मारायला लोखंड हवं! इथे नेदरलँड्समध्ये देशांतर्गत ड्रेसाज बिटलेस करता येतं, आभाळ काही कोसळलं नाही.

पण बिटलेस म्हणजे दयाळू असं गणित मांडू नका. बिटलेसमध्येही प्रकार आहेत. ताई वापरतात तो साधा, दोरी ओढली तेवढाच दाब नाकावर. एक प्रकार असतो ज्यात पट्टे हनुवटीखाली एकमेकांना छेदून जातात आणि दाब दुसऱ्या बाजूच्या गालावर येतो. ब्रिटिश पशुवैद्य रॉबर्ट कुक यांनी तो लोकप्रिय केला. आणि तिसरा, मेकॅनिकल हॅकमोर. त्याला लांब लोखंडी दांड्या आणि हनुवटीखाली साखळी. तरफेचा नियम शाळेत शिकलोय आपण: दांडी जितकी लांब तितका जोर जास्त. तोंडात काही नाही म्हणून बघणारा खूश, आणि घोड्याचं नाक मात्र चिमट्यात. कच्च्या हातात तो साध्या बिटापेक्षा वाईट.

आणि क्रौर्य लगामातच राहतं असंही नाही. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या तोंडावर शार्लट डुजार्डिन हिने माघार घेतली. ड्रेसाजमधली ऑलिंपिक सुवर्णविजेती. शिकवणीतला जुना व्हिडिओ बाहेर आला होता, त्यात ती जमिनीवर उभी राहून घोड्याच्या पायांवर लांब चाबकाने पुन्हा पुन्हा मारते आणि वर विद्यार्थी बसलेला आहे. कशासाठी? पाय आणखी उंच उचलावेत म्हणून. तिला एक वर्षाची बंदी झाली. आता अण्णांनी वर लिहिलेली काठी आठवा. हलगी तेवढी नव्हती.

---

मुक्त_अश्व

माफ करा, पण तुम्ही सगळे मूळ मुद्दा टाळताय. घोड्यावर बसणं हेच त्याच्या संमतीविना आहे. रशियातल्या अलेक्झांडर नेव्झोरोवने आधी लगाम सोडला, मग बसणंही सोडलं. नाचणं, स्वारी, शर्यत, सगळं एका माळेचे मणी. सोडायचं तर पूर्ण सोडा.

---

उट्रेख्त_कर (नेदरलँड्स)

@मुक्त_अश्व, नेव्झोरोव बसत नव्हता हे खरं, पण जमिनीवरून घोड्यांकडून तेच उच्च दर्जाचे पवित्रे करून घ्यायचा आणि त्यांचे चित्रपट काढायचा. म्हणजे लगाम गेला, खोगीर गेलं, खेळ दाखवणं राहिलंच. मी त्याला दोष देत नाही. फक्त इतकंच की "बसत नाही" म्हटल्याने ताईंचा प्रश्न सुटत नाही. त्यांची घोडी तर पाठीवर कोणी नसतानाच नाचते.

---

डॉ_खूर (पशुवैद्य)

ताई, तुम्ही हनुवटी आणि घाम बघितलात, निम्मं निदान तिथेच झालं.

आधी तोंड. ज्या मोकळ्या जागेवर बिट बसतं तिथे हाडावर जेमतेम पातळ हिरडी असते, गादी अशी नाहीच. सतत मार बसला की हाड प्रतिक्रिया म्हणून वाढतं. तुमच्या हाताला लागतो तो उंचवटा बहुधा तोच. दाढांची टोकं धारदार झाली असतील तर नाकपट्ट्याच्या दाबानेही गाल आतून कापतो, म्हणून ती टोकं डॉक्टरांकडून कानशीने घासून घ्या. बिटलेसवाले हे हमखास विसरतात, कारण "तोंडात काही नाही ना".

नाकपट्टा कुठे बसतोय ते आज बघा. गालाचं हाड हाताला लागतं, ते संपतं तिथून फार खाली पट्टा जाता कामा नये. खाली नाकाचं हाड निमुळतं होत जातं आणि पुढे नुसती कूर्चा. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकाने. तिथे पट्टा आवळला की तुम्ही थेट श्वासावर बसलात. पट्ट्याखाली नाकाच्या वरच्या बाजूने दोन बोटं सहज गेली पाहिजेत. बाजूने नको, तिथे खळगा असतो, बोटं केव्हाही जातात.

आता नाच. दुखणारं किंवा घाबरलेलं घोडं ओळखायला डोळ्यावरची पापणी बघा, तिथे त्रिकोणी सुरकुती पडते. नाकपुड्या ताणलेल्या, कान मागे किंवा बाजूला कडक, हनुवटी घट्ट, शेपटी माशी नसताना सपासप. खेळणाऱ्या घोड्याचा जबडा सैल असतो आणि ते मधेच खेळ सोडून गवताला तोंड लावतं. तुमच्या घोडीला हलगी चालू असताना चारा टाकून बघितलाय का? आवडीचा, लसूणघास. खाल्ला तर एक गोष्ट. चारा समोर असून पाय उचलत राहिली तर दुसरी.

सवय मोडायची असेल तर अशी मोडा. हलगीचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा. चंदीच्या वेळी अगदी बारीक लावा, इतका की तिचा कान फिरेल पण पाय हलणार नाही. ती खात राहिली की आवाज बंद. दुसऱ्या दिवशी जरासा मोठा. इथे बहुतेकांचं घोडं पेंड खातं ते असं: घोडी नाचायला लागली की मालक घाबरून आवाज बंद करतो. मग घोडी काय शिकते? नाचलं की हलगी थांबते. आणि ती आणखी जोरात नाचते. म्हणून पाय उचलायच्या आधी थांबायचं. चुकून उचललाच तर आवाज एकदम तोडू नका, हळूहळू कमी करा, आणि दुसऱ्या दिवशी मागच्या पायरीवर या. घाई नको, महिने लागतील.

अण्णांच्या "दोन-अडीच वर्षांचं शिंगरू" याबद्दल पशुवैद्य म्हणून बोलणं भाग आहे. घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पाच वर्षं उलटेपर्यंत चालू असते. जागच्या जागी पाय उचलण्याचा सगळा भार मागच्या सांध्यांवर आणि कमरेवर येतो. लग्नातली घोडी माझ्याकडे येतात ती तोंडाच्या जखमा घेऊन कमी आणि मागचे पाय लंगडत जास्त. डांबरी रस्त्यावर नाचून नाचून. याचा लगामाशी काही संबंध नाही.

तो काटेरी लगाम कुलपात नका ठेवू, तोडून भंगारात द्या. काटे, गाठी किंवा टोकं असलेला लगाम वापरायला १९६५ च्या नियमांपासून बंदी आहे, बसण्यासाठी असो की गाडीला. बाजारात तो अजून मिळतो याचं कारणही सांगतो: प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा, आणि त्यात जनावराला मारझोड केल्याच्या पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. पन्नास रुपयांत आज घोड्याची एक नालही होत नाही.

---

अण्णा_पागेवाले

डॉक्टर, दोन-अडीच वर्षांचं मीच लिहिलंय, झाकलेलं नाही. थांबायला परवडत नाही हेही खरं आहे. पाच वर्षं बसून खाणारं घोडं कोण ठेवणार? पण मागचे पाय जातात हे तुम्ही म्हणता ते मी डोळ्यांनी बघितलंय, वाद घालणार नाही.

चाऱ्याची युक्ती चांगली आहे. आम्ही उलटं करायचो, उपाशी नाचवायचो, म्हणजे पोट हलकं.

---

मळ्यातली_सून (दौंड)

सगळ्यांचे आभार. मधे थोडे दिवस गेले, तेवढ्यात बरंच झालं.

नाकपट्टा खरंच खाली बसत होता, दोन भोकं वर घेतला. दात घासायला डॉक्टर येऊन गेले. दाढांना धार होती, डावीकडे गालावर आतून जखमही होती. डॉ_खूर, तुम्ही लिहिलं नसतं तर मी तोंड उघडून बघितलंच नसतं.

चाऱ्याचं करून बघितलं. शेजारी जागरण-गोंधळ होता, तिथे आधी संबळ वाजला. संबळाला ती मान वर करून बघत राहिली आणि खात राहिली. मग पोरांनी हलगी काढली. तोंडात लसूणघासाची काडी तशीच लोंबकळत, आणि पाय सुरू. चावणं बंद. गोठ्याचं फाटक मी मुद्दाम उघडं ठेवलं होतं, मागे मोकळं रान होतं. ती गेली नाही. जिथे होती तिथेच, अगदी खांबाला बांधल्यासारखी. चुलतसासरे ओट्यावर बसून बघत होते. त्यांना अण्णांचा वरचा प्रतिसाद मी आदल्या दिवशीच वाचून दाखवला होता. म्हणाले, "हिला शिकवणारा आपला माणूस नव्हता, आणली तेव्हाच नाचत होती." एवढं बोलून आत गेले. त्यानंतर सुपारीचा विषय त्यांनी काढलेला नाही.

विषय मिटला असं मात्र नाही. आता ते म्हणतात, नाचवायची नसेल तर दत्तजयंतीला सारंगखेड्याला नेऊन विकू, चांगली किंमत येईल. किंमत कशामुळे येईल हे सांगायला नको. जो घेईल तो हलगी वाजवून बघूनच घेईल.

म्हणून मी तिचं नाचणं मोडायचंच ठरवलंय. मोबाइलवरची हलगी सुरू केली आहे, सध्या इतक्या बारीक आवाजात की मलाच कान लावावा लागतो. नवऱ्याचं म्हणणं, तू तिची किंमत मोडतेयस. बरोबर आहे त्याचं. न नाचणाऱ्या घोडीला गिऱ्हाईक नाही, हाच माझा हिशोब.

अण्णा, तुमच्या चौथ्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याकडे ऊस आहे म्हणून मला हे परवडतं, हे मला कळतं. पण आमच्या भागात आता शाळेची पोरं बसायला मागतात, सुट्टीत शेतावर येणारे पुण्याचे लोक विचारतात. माथेरानच्या दादांसारखं मोरखी हातात धरून, पुढे चालत, हे बिजलीला झेपेल का? तिने आजवर पाठीवर नवरदेवच घेतलेत, रडणारं पोर नाही.

---

दस्तुरी_नाका

झेपेल. नवरदेव जास्त त्रास देतात. आधी घरचं पोर बसवा, मग गोणीत वाळू भरून एका बाजूला कललेलं वजन ठेवून चालवा, कारण नवखा माणूस कायम एकाच बाजूला झुकतो. आणि छत्री, पिशवी, टोपी पडणं हे सगळं घरीच दाखवून घ्या. दिवसाला फेऱ्या मोजून ठरवा आणि गिऱ्हाईक कितीही हात जोडो, वाढवू नका. खोगीर लग्नातलं वापरू नका, ते शोभेचं असतं, पाठ सोलते.

---

अण्णा_पागेवाले

आणि हलगीची सवय मोडेपर्यंत पोरं बसवू नकोस. पाठीवर पोर असताना वस्तीवर कोणी वाजवली तर ती पुढचे पाय उचलणार, पोर मागे सरकणार. आधी ते.

विकायचं म्हणाले तर मला कळव. माझा आता धंदा नाही, पण जागा आहे.